लॅपटॉपची बॅटरी अचानक बसली तर



ट्रॅक्टरची बॅटरी बसली तर काय करायचे, हे आपल्यापैकी कोणाला सांगावे लागत नाही. पण आता मुलामुलींच्या शिक्षणासाठी घरोघरी लॅपटॉप आले आहेत. काल रात्रीपर्यंत दोन तास चालणारा लॅपटॉप आज वायर काढताच बंद पडतो, आणि नेमकी त्याच दिवशी फॉर्म भरायची शेवटची तारीख असते. मग घाबरून कोणी नवा लॅपटॉप घ्यायला निघतो, तर कोणी पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बॅटरी उचकटायला बसतो. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात घर पेटू शकते. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

ही बॅटरी वेगळी

ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिसे व ॲसिड असते. लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन जातीची. ती बाजारात १९९१ साली आली. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हिच्यात पाणी घालायचे नसते, आणि वायरला वायर लावून ठिणगी पाहायची तर मुळीच नसते. आतले द्रावण पेट घेणारे असते.

आत साधारण तीन-चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट देतो. त्यांच्यावर एक छोटी सर्किटची पट्टी राखण करते. एखादाही सेल फार खाली गेला की ही पट्टी सगळा प्रवाह तोडते. बैलजोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही जोमाचा असो, गाडी जागची हलत नाही; तसेच हे. म्हणून बॅटरी महिनोन् महिने हळूहळू खराब होते, पण आपल्याला ती 'अचानक' गेल्यासारखी वाटते.

काय करावे?

१) प्रथम चार्जर लावून पाहा. चार्जरवर लॅपटॉप नीट चालला तर यंत्र शाबूत आहे. महत्त्वाचे काम लगेच पेन ड्राइव्हवर उतरून घ्या. लाईट जाताच लॅपटॉप बंद होणार, हे ध्यानात ठेवा.

२) चार्जरवरही चालत नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी बोर्ड, पिन व वायर तपासा. दुसरा चार्जर लावताना त्यावरचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत.

३) लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा चार्जर लावा. कित्येकदा एवढ्यानेच काम होते.

४) जाणकार मुलाकडून संगणकातला 'बॅटरी रिपोर्ट' काढून घ्या. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे असतात. समजा मूळ ४० आणि आज १४ असेल, तर बॅटरी ३५ टक्केच उरली. ती बदलणेच बरे.

५) आकडा बरा आहे, पण ३०-४० टक्क्यांवरच लॅपटॉप बंद पडतो, असे असेल तर एकदा पूर्ण भरून, चालवून उतरवून, पुन्हा पूर्ण भरा. मापाचा घोटाळा असेल तर सुटतो. नाही सुटला तर एखादा सेल गेला असे समजा.

फुगलेली बॅटरी म्हणजे धोका

माऊसची पट्टी वर आली, झाकण नीट बसेना, तळ फुगला किंवा विचित्र गोडसर वास आला, तर वरचे काहीही करत बसू नका. लॅपटॉप बंद करा, वायर काढा. दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. पाचट, कडबा, पोती यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा. पेटलीच तर आधी माणसे बाहेर काढा, धूर विषारी असतो. १०१ वर फोन करा.

हा धोका सांगोवांगीचा नाही. २००६ साली डेल कंपनीने आगीच्या भीतीने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या.

नवी घेताना

जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवून घ्या. आयएस १६०४६ ही खूण व पक्के बिल मागा. एकच सेल बदलून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. नवा-जुना सेल एकत्र नांदत नाही. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, ती दुकानदाराकडे द्या.

टिकवायची कशी?

ऊस तोडल्यावर जसा उन्हात उतारा घटतो, तशी ही बॅटरी उष्णतेने झिजते. गादीवर, उशीवर ठेवून लॅपटॉप चालवू नका. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. सतत चार्जरवरच वापर असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती लावा. सुट्टीत ठेवून द्यायचा तर निम्मा भरून ठेवा.

घरातल्या मुलांना हे वाचून दाखवा. बॅटरी गेली म्हणून लॅपटॉप मोडीत काढायची गरज नाही. पण फुगलेली बॅटरी घरात एक रात्रही चार्जिंगला लावू नका, एवढे मात्र आमचे आग्रहाचे सांगणे आहे.