दादींचे टोमॅटो आणि बियांची बाटली

हल्ली बाजारात जरा आंबट लागणारा कोणताही टोमॅटो ‘गावरान’ म्हणून विकला जातो. पण गावरानची खरी खूण चवीत नाही, बियात आहे. ज्या फळाचे बी लावले तर पुढच्या वर्षी तसेच फळ येते, तो गावरान. संकरित टोमॅटोचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत झाडागणिक वेगळे फळ निघते, म्हणून ते दर हंगामात दुकानातून आणावे लागते.

आमच्या अडीच एकरांत अर्धा एकर टोमॅटो असतो आणि तो संकरितच, हे आधी सांगून टाकतो. घर त्यावर चालते. मात्र विहिरीजवळचे दोन गुंठे दादींनी राखलेल्या बियांचे आहेत. फळ चपटे, देठाजवळ चुण्या पडलेले, सालीला पातळ. वीस किलोच्या क्रेटमध्ये भरून दूर पाठवले तर खालचा थर वाटेतच फुटतो. त्यामुळे ते आठवडी बाजारात पाटीतूनच विकावे लागते. उतारा कमी, टिकाऊपणा त्याहून कमी. पण खट्ट्या दाळीत हे दोन टोमॅटो पडले की चिंच लागत नाही, आणि ओळखीची गिऱ्हाइके पाटी उतरायच्या आत येऊन उभी राहतात.

बी धरण्याचे काम घरातल्या बायकांचे. फळ नव्हे, आधी झाड निवडायचे : निरोगी, भरपूर लागलेले. त्याला सुतळी बांधून ठेवायची, म्हणजे तोडणीच्या घाईत कोणी हात लावत नाही. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यायचे. मग गर आणि बी मातीच्या भांड्यात काढून दोन-तीन दिवस सावलीत आंबवायचे. वास येतो, येऊ द्यावा. बीभोवती जो बुळबुळीत थर असतो तो उगवण रोखून धरतो आणि आंबवल्याने तो सुटतो. चांगले बी तळाला बसते, पोचट वर तरंगते. धुऊन ताटलीत पसरायचे. कागदावर पसरले तर चिकटते. सावलीत खडखडीत वाळले की काचेच्या बाटलीत. कोरड्या जागी असे बी चार वर्षे सहज उगवते. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे थोड्या अंतरावर संकरित पीक असले तरी वाण सहसा बिघडत नाही.

गावरान म्हणजे रोग येत नाही, असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पांढऱ्या माशीने आणलेल्या बोकड्याने दोन वर्षांपूर्वी आमचे दोन्ही गुंठे गेले. पाने चुरमडली, झाडे खुजी राहिली, बी धरण्याजोगे एकही फळ मिळाले नाही. बाटलीतले बी जुने होऊन उगवेनासे झाले होते. वाण वाचला तो फुफूंमुळे. त्यांच्या लग्नानंतर दादींनी मूठभर बी त्यांच्या सासरी दिले होते आणि तिथल्या परसात ते चालू होते. आता रोपे जाळीखाली करतो, कडेने मका लावतो आणि बी किमान तीन घरांत ठेवतो.

असे बी देण्या-घेण्याला कायद्याचीही आडकाठी नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे; फक्त नोंदणीकृत वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच देशी बियांच्या जपणुकीसाठी.

उश्राचा प्रश्न अनेक घरांत निघतो. भाजी टिकत नाही, मग तिच्यावर उश्र आहे का? इमाम अबू हनीफा यांच्या मते आहे. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद, तसेच इमाम शाफिई यांच्या मते नाही. कोकणातल्या शाफिई घरांनी आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही पहिल्या मतावर चालतो. विहिरीचे पाणी मोटारीने देतो, म्हणून दहावा नव्हे, विसावा भाग. जुलै 2023 मध्ये किरकोळ भाव शंभरावर गेला तेव्हा तो क्रेट बाजूला काढताना हात जड झाला, हे खरे. पण भाव पडल्यावर रस्त्यावर टोमॅटो ओतलेले पाहवत नाहीत. त्या दिवसांत आम्ही क्रेट वस्तीत वाटतो, उरलेल्या फोडी मीठ लावून छपरावर वाळवतो.

यंदा बी भरपूर निघाले आहे. लग्न होऊन गेलेल्या दोघी पुतण्यांना चहाच्या चमच्याएवढे पुडीत बांधून दिले. कुंडीतही हे झाड येते. फक्त आधाराला काठी हवी आणि दिवसाचे सहा तास ऊन.