गाथासप्तशतीतील अनुक्त भाव

गाथासप्तशती हा सातवाहन नृपती हाल याच्या नावावर असलेला महाराष्ट्री प्राकृतातील मुक्तकांचा संग्रह होय. यातील गाथा प्रामुख्याने शृंगारपर असल्या, तरी प्रेमभावनेचे सरळ कथन त्यांत क्वचितच आढळते. पूर्वार्धाच्या ३० व उत्तरार्धाच्या २७ मात्रांत कवी एखादी कृती किंवा एखादे भाषण तेवढे मांडतो. त्यामागील भाव वाचकाने ओळखावयाचा असतो.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त घेतलेली एक गाथा या दृष्टीने लक्षणीय आहे. तीत एक स्त्री एका धार्मिक पुरुषास निर्धास्तपणे हिंडावयास सांगते; कारण त्याला भिवविणाऱ्या कुत्र्यास गोदातीरीच्या कुंजातील सिंहाने मारले आहे. वाच्यार्थ अनुज्ञेचा, व्यंग्यार्थ मात्र निषेधाचा. कुत्र्यास भिणारा मनुष्य सिंहाच्या वाटेस जाणार नाही, हे उघड आहे. अकराव्या शतकात महिमभट्टाने हा निषेध व्यंजनेने नव्हे, तर अनुमानाने कळतो, असा पक्ष मांडला. वाद अर्थाच्या ज्ञानसाधनाचा होता; निषेध दोघांसही मान्यच होता.

परंतु त्या स्त्रीस हा पुरुष तेथे का नको, याविषयी गाथा मौन पाळते. उत्तर टीकाकार देतात. अभिनवगुप्ताच्या ‘लोचना’नुसार तो कुंज तिचे संकेतस्थान आहे, धार्मिकाच्या येण्याजाण्याने तेथील एकांत भंगतो आणि त्याने पाने-फुले खुडल्यामुळे कुंजाची शोभाही नष्ट होते. एवढे कळताच चातुर्याच्या उक्तीत भय, आसक्ती आणि अधीरता जाणवू लागतात.

टीकाकारांच्या अवतरणिकांचे मोल येथे दिसते, तशीच त्यांची मर्यादाही. मुक्तकास पूर्वापर कथासंदर्भ नसतो. एकाच गाथेची वक्त्री कोणी नायिका मानतो, तर कोणी दूती. आणि वक्ता बदलला की भावही बदलतो. पिकलेल्या शेताचे साधे वर्णनही पुष्कळदा संकेतस्थानाची सूचना म्हणून लावले जाते. त्यामुळे घरधनिणीचे समाधान अथवा विरहिणीची खिन्नता झाकली जाण्याचा संभव असतो.

म्हणून अभ्यासकाने प्रथम गाथा वाचावी, मग अवतरणिका. अवतरणिका हा गाथेचा भाग नव्हे. एका रसिकाने केलेले ते गाथेचे वाचन होय. हा भेद न पाळल्यास टीकाकाराची कल्पना कवीच्या पदरी बांधली जाते.