प्रातोचं कापड, रोमानियाचं लेबल

प्रातो (इटली) : फ्लोरेन्सहून रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत प्रातो येतं. टस्कनीतलं हे सुमारे दोन लाख वस्तीचं शहर मध्ययुगापासून कापडावर जगत आलं आहे. बिझेन्त्सियो नदीचं पाणी कालव्यांनी गावात आणून त्यावर लोकरी कापड कुटण्याच्या गिरण्या चालत. चौदाव्या शतकातले इथले व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी यांची सुमारे दीड लाख पत्रं आजही शहरानं जपून ठेवली आहेत. त्यांतून दिसतं, की तेव्हाही लोकर इंग्लंड आणि स्पेनकडून येई, कापड प्रातोत होई आणि भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं विकलं जाई. एकोणिसाव्या शतकापासून जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे इथे येऊ लागले. चिंध्या रंगानुसार वेगळ्या करायच्या, पिंजायच्या आणि त्यांचं नवं सूत काढायचं. रंग आधीच वेगळे केलेले असल्यामुळे पुन्हा रंगाईची गरज फारशी पडत नाही. या कामात प्रातोचा हात धरणारं गाव युरोपात नाही.

'मेड इन इटली' हे शब्द नेमके कशाची खात्री देतात, हे समजून घ्यायला इटलीत प्रातोइतकी चांगली जागा नाही.

इथल्या जुन्या लोकरीतून सूत निघालं, इथल्याच मागावर कापड विणलं, इथेच त्यावर प्रक्रिया झाली आणि ते कापड शिलाईला रोमानियात गेलं, तर त्या कोटावर 'मेड इन इटली' लिहिता येत नाही. उलट चीनमध्ये विणलेलं कापड प्रातोत आणलं, इथल्या शेडमध्ये रातोरात कापून शिवलं, तर तो झगा कायद्यानं 'मेड इन इटली' ठरतो. युरोपीय संघाच्या २०१३च्या सीमाशुल्क संहितेनुसार, एकाहून अधिक देशांत घडलेल्या वस्तूचं मूळ म्हणजे जिथे तिच्यावर शेवटची महत्त्वाची प्रक्रिया झाली तो देश. तयार कपड्यांबाबत ही प्रक्रिया म्हणजे कापड बेतल्यानंतरची सगळी शिलाई. कापूस कुणाचा, सूत कुणाचं, माग कुणाचा, याला तिथे किंमत नाही.

इचलकरंजीच्या माणसाला हे चटकन कळेल. व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचं नाव शर्टावर कधी येत नाही. प्रातोचा धंदाही अशाच छोट्या-छोट्या मजुरीच्या कारखान्यांवर उभा राहिला. एक सूत काढणार, दुसरा विणणार, तिसरा रंगवणार आणि स्वतःचं एकही यंत्र नसलेला व्यापारी या सगळ्यांची मोट बांधणार.

हा नियम सीमाशुल्क अधिकाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. मालावर कोणत्या देशाचा दर लावायचा, एवढंच त्यांना ठरवायचं असतं आणि त्यासाठी एकच नाव लागतं. मूळ देशाची खूण सक्तीची करण्यामागे सुरुवातीपासून व्यापारातली भांडणंच होती. शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांची जर्मन नक्कल ब्रिटिश नावानं खपते, या तक्रारीतून १८८७मध्ये ब्रिटननं मर्चंडाइज मार्क्स कायदा केला आणि 'मेड इन जर्मनी' हे शब्द जगभर पोचले. गिऱ्हाईक मात्र लेबल वाचून वेगळाच प्रश्न विचारतं : हे कुणी केलं, कसं केलं, करणाऱ्याला पोटभर मिळालं का? त्याचं उत्तर त्या लेबलमध्ये नसतं.

युरोपात मूळ देश लिहिणं सक्तीचंसुद्धा नाही. २०११च्या नियमानुसार कपड्यात किती टक्के लोकर आणि किती टक्के पॉलिएस्टर हे लिहावंच लागतं. कपड्याला कातड्याचं बटण लावलं असेल, तर प्राण्यापासून आलेला भाग आहे हेही सांगावं लागतं. तो कपडा शिवणाऱ्या माणसाचा देश सांगण्याचं बंधन नाही.

१९९०च्या दशकात झेजियांग प्रांतातल्या वेन्झोऊ भागातून चिनी कुटुंबं मोठ्या संख्येनं प्रातोत आली. आधी त्यांनी इटालियन मालकांसाठी मजुरीवर शिवलं, मग स्वतःचे कारखाने काढले. कमी किमतीचे, आठवड्या-आठवड्याला बदलणारे फॅशनचे कपडे काही दिवसांत शिवून देण्याचा धंदा त्यांनी उभा केला. युरोपभरचे घाऊक व्यापारी इथल्या माक्रोलोत्तो औद्योगिक वसाहतीत गाड्या भरायला येतात. २००५मध्ये कापडव्यापारावरचा आंतरराष्ट्रीय कोटा संपला, स्वस्त माल आत आला आणि जुन्या विणकरांचे कारखाने बंद पडत गेले. शिलाईचा हा नवा धंदा मात्र वाढत राहिला. इटालियन मालकांनी आपल्या शेड त्याला भाड्यानं दिल्या. आज शहरात नोंदलेले सुमारे ३० हजार चिनी नागरिक आहेत. चिनी लोकांनी प्रातो बुडवलं असं म्हणणारे इथे भेटतात. मला ते पटत नाही. शेडचं भाडं कुणी घेतलं आणि स्वस्त माल कुणी उचलला, याचा हिशेब ते करत नाहीत.

१ डिसेंबर २०१३ च्या रविवारी पहाटे माक्रोलोत्तोतल्या एका शिलाई कारखान्याला आग लागली. मजूर तिथेच, शेडमध्ये पातळ तक्त्यांनी पाडलेल्या खोपट्यांत झोपत होते. खिडक्यांना गज होते. सात जण मेले. त्या कारखान्यातून बाहेर पडणारा कपडा 'मेड इन इटली' होता आणि त्या शब्दांत कायद्याच्या दृष्टीनं काहीही खोटं नव्हतं. या घटनेनंतर टस्कनीच्या प्रादेशिक सरकारनं तपासणीची मोठी मोहीम काढली आणि कारखान्यांत झोपायच्या जागा कमी झाल्या. कामाचे तास तसे उतरले नाहीत. आता यंत्रांवर पाकिस्तानी आणि बांगलादेशी मजूरही आहेत. सुद कोबास ही छोटी कामगार संघटना त्यांच्यासाठी कारखान्यांच्या दारात संप करते. मागणी एवढीच, की दिवसाला आठ तास आणि आठवड्याला पाच दिवस काम. कायद्यानं आधीच दिलेली गोष्ट मागायला रस्त्यावर बसावं लागतं, यातच सगळं आलं.

हा प्रश्न स्वस्त कपड्यांपुरता आहे असं समजू नये. २०२४मध्ये मिलानच्या न्यायालयानं आधी अरमानीची आणि नंतर दिऑरची इटलीतली उत्पादन कंपनी न्यायालयीन देखरेखीखाली ठेवली. जुलै २०२५मध्ये काश्मिरी लोकरीसाठी प्रसिद्ध असलेल्या लोरो पियानावर तीच वेळ आली. ठेकेदारानं काम उपठेकेदाराला दिलं, तिथे मजुरांची पिळवणूक झाली आणि मूळ कंपनीनं त्यावर लक्ष ठेवलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. सुमारे २,६०० युरोला विकली जाणारी दिऑरची एक हँडबॅग जोडून देण्याचे पुरवठादाराला ५३ युरो मिळत होते, हे तपासात पुढे आलं. चामड्याचा खर्च त्यात धरलेला नाही, तरीही तफावत पुरेशी बोलकी आहे. पुढे कंपन्यांनी पुरवठादारांच्या तपासणीची व्यवस्था सुधारली आणि दिऑर व अरमानी यांच्यावरची देखरेख मुदतीआधीच उठवण्यात आली. म्हणजे लक्ष ठेवणं अशक्य नव्हतं.

या साखळीचं एक टोक मुंबईत आहे. पॅरिस आणि मिलानच्या नामांकित घराण्यांच्या कपड्यांवरचं कितीतरी भरतकाम मुंबईच्या कारखान्यांत होतं. लाकडी अड्ड्यावर कापड ताणून कारागीर आरीनं मणी आणि जर भरतात. भरलेले भाग विमानानं युरोपात जातात, तिथे शिवले जातात आणि लेबल शिलाईच्या देशाचं लागतं. कधी शिवणीपेक्षा भरतकामाचे तास अनेक पटींनी जास्त असतात, पण नियम तास मोजत नाही. ३० मार्च २०२३ रोजी दिऑरनं गेटवे ऑफ इंडियासमोर आपला शो केला आणि मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेला उघडपणे श्रेय दिलं. प्रादानं २०१०मध्ये लखनऊच्या चिकनकारीचे कपडे 'मेड इन इंडिया' असं लेबलवर लिहूनच विकले होते. मनात आलं तर खरं लिहिता येतं, आणि त्यानं किंमत पडत नाही.

इटलीनं याच दिशेनं एकदा धाडसी पाऊल टाकलं होतं. मार्को रेगुत्सोनी आणि फॅशनच्या घराण्यातले सान्तो व्हेर्साचे या दोन खासदारांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा संसदेनं २०१०मध्ये मंजूर केला. सूतकताई, विणाई, रंगाई-प्रक्रिया आणि शिलाई असे कपड्याचे चार टप्पे त्यानं मानले. प्रत्येक टप्पा कुठे झाला ते लेबलवर लिहायचं. चारांपैकी किमान दोन टप्पे इटलीत झाले असतील आणि बाकीच्यांचा माग काढता येत असेल, तरच 'मेड इन इटली' म्हणायचं. कामगार कायदे पाळले का, मुलांना कामाला लावलं नाही ना, हेही सांगायचं. मुक्त बाजाराला बाधा येते म्हणून ब्रुसेल्सनं हरकत घेतली, नियमावली निघालीच नाही आणि कायदा कागदावर राहिला. २०१४मध्ये युरोपीय संसदेनं मूळ देशाचं लेबल सक्तीचं करण्याच्या बाजूनं कौल दिला. जर्मनी, ब्रिटन आणि इतर काही देशांच्या विरोधामुळे तेही अडलं.

आता पुन्हा संधी आली आहे. जुलै २०२४मध्ये लागू झालेल्या युरोपीय नियमानुसार येत्या काही वर्षांत वस्तूंना डिजिटल पासपोर्ट जोडला जाईल आणि प्राधान्यक्रमात कपडे वर आहेत. सक्तमजुरीनं बनवलेल्या मालावरची बंदी डिसेंबर २०२७पासून अमलात येईल. पासपोर्टमध्ये नेमकं काय लिहायचं, यावर ब्रुसेल्समध्ये उद्योगांची आणि सरकारांची ओढाताण चालेल. तिथे फक्त धाग्याची टक्केवारी आणि पुनर्वापराची माहिती भरली गेली, तर शिवणारा माणूस आजच्यासारखाच अदृश्य राहील.

माझं म्हणणं साधं आहे. कपडा एका देशात बनत नाही, तेव्हा त्याला एकच देश चिकटवणं सोडावं. २०१०च्या त्या कायद्यातले चारही टप्पे पासपोर्टमध्ये यावेत आणि भरतकामासारख्या हातकामाचा पाचवा टप्पा त्यात जोडावा. प्रत्येक टप्प्यापुढे गाव, कारखाना आणि तो कुणाच्या ठेक्यावर चालला हे लिहावं. असं झालं तर चिंध्यांतून सूत काढणाऱ्या प्रातोच्या जुन्या गिरणीला तिचं श्रेय मिळेल, मुंबईच्या कारागिराला त्याचं मिळेल, आणि गजाच्या खिडकीआड मजूर झोपवणाऱ्या मालकाला दुसऱ्या कुणाच्या नावामागे लपता येणार नाही.