वाचादोष की बोलीचा उच्चार?

‘डोळा’ या शब्दाचा उच्चार पाच वर्षांच्या मुलाने ‘डोया’ असा केला, तर तो वाचादोष मानायचा का? घरात प्रमाण मराठी बोलली जात असेल, तर तपासणी इष्ट ठरते. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात मात्र तो स्वाभाविक उच्चार असू शकतो. हा भेद ओळखणे हे स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीचे, म्हणजेच वाचा-भाषा उपचारशास्त्राचे एक महत्त्वाचे काम आहे. तेथे चूक झाली, तर निरोगी मुलावर विनाकारण उपचार होतात किंवा गरजू मूल ‘बोलीचा परिणाम’ म्हणून उपेक्षित राहते.

हे शास्त्र केवळ तोतरेपणापुरते मर्यादित नाही. भाषाविकासातील विलंब, स्वमग्नतेमुळे येणाऱ्या संवादातील अडचणी, दुभंगलेल्या टाळूमुळे होणारे सदोष उच्चार, आवाजाचे विकार, पक्षाघातानंतरचा वाचाघात आणि गिळण्यातील अडचणी यांचाही त्यात समावेश होतो.

बारावी विज्ञाननंतर ‘बीएएसएलपी’ हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करता येतो. त्यातील शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. पदवीत वाचा आणि श्रवण हे दोन्ही विषय एकत्र शिकवले जातात. पुढील दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणात अनेक संस्थांमध्ये दोहोंसाठी स्वतंत्र एम.एस्सी. आहे. म्हैसूर येथे १९६५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये सुरू झालेली अली यावर जंग संस्था ही या क्षेत्रातील प्रमुख केंद्रे होत. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे पडताळून पाहावे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे संशोधनाचे मोठे क्षेत्र खुले आहे. इंग्रजी चाचणीचे केवळ भाषांतर मराठी रुग्णाला पुरेसे ठरत नाही. ‘ळ’ हा ध्वनी इंग्रजीत नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ वेगवेगळा उच्चारला जातो. मराठीत तीन लिंगे असून ‘मी जातो’, ‘मी जाते’ असे क्रियापदही बदलते. वाचाघाताच्या रुग्णाची व्याकरणावरील पकड तपासताना हे विचारात घ्यावेच लागते. त्यामुळे मराठी आणि तिच्या बोलींची उत्तम जाण ही या क्षेत्रात पदवीइतकीच मोलाची पात्रता ठरते.