डोंगर पाण्यात उतरतो तेव्हा

मागच्या बैठकीत कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आमच्यातल्या थोरल्या बायकांना अजून आठवते. एकीने विचारलं, "भूकंपात बांध टिकला, म्हणजे पाण्याची भीती संपली का गं?" त्याचं उत्तर आम्हाला लांबच्या ताजिकिस्तानात, सारेझ तलावाच्या कथेत सापडलं.

तिथल्या पामीर पर्वतात फेब्रुवारी १९११ मध्ये मोठा भूकंप झाला. अख्खा कडा खाली आला, उसोय गाव गाडलं गेलं आणि नदी अडली. साठत्या पाण्यात वरचं सारेझ गाव बुडालं. तलावाला नाव त्याचंच. आज तो सुमारे ६० किलोमीटर लांब आहे. बांध म्हणजे नुसता दगडमातीचा ढीग, पण उंची पाचशे मीटरहून जास्त. डिसेंबर २०१५ मध्ये तिथे पुन्हा जोराचा भूकंप झाला. बांध टिकला.

तरी जाणकारांची नजर काठावरच्या एका सैल डोंगरउतारावर आहे. भरलेल्या हंड्यात वरवंटा टाकला तर हंडा फुटत नाही, पण पाणी बाहेर येतंच. तसाच तो उतार भूकंपाने तलावात घसरला, तर लाट उठून बांधावरून खालच्या अरुंद खोऱ्यात जाऊ शकते. गावं तिथेच, नदीकाठी. कसायला जमीन तेवढीच, मग माणसं जाणार कुठे? हे आपल्याला कुणी समजावायला नको. त्या गावांसाठी इशाऱ्याची यंत्रणा बसवली आहे, वर चढून जायच्या जागा ठरवल्या आहेत.

कोयनेला असंच होईल, असं आम्ही म्हणत नाही. पण डोंगरातल्या कुठल्याही तलावाकाठी एक गोष्ट खरी. दूरच्या गावाला इशाऱ्यापुरता वेळ मिळेल, काठावर धुणं धुणारीला मिळणार नाही. समोरचा कडा पडला तर लाट काही मिनिटांत पोचते. जमीन जोरात हलली की तोच भोंगा समजायचा. धुणं, घागर तिथेच टाकून उंचावर चढायचं. दरडीच्या उताराखालून मात्र नाही. आणि पाणी ओसरलं म्हणून घागर आणायला परत यायचं नाही. परातीतलं पाणी हिंदकळतं तसं तलावाचं पाणी या काठावरून त्या काठाला बराच वेळ हिंदकळत राहतं.

आमच्या वाडीत अंथरुणाला खिळलेल्या दोन आजी आहेत. त्यांना कुणी उचलायचं, कुठल्या वाटेने न्यायचं, हे आम्ही येत्या मंगळवारच्या बैठकीत ठरवणार आहोत.