चांदीचे पाणी : कलिल आणि आयनिक

‘रजतभस्म नको, ते बाटलीतले चांदीचे पाणी द्या’, अशी मागणी घेऊन येणारे रुग्ण आम्हांस अधूनमधून भेटतात. औषधी विक्रेत्या बंधूंचा अनुभवही निराळा नसावा. म्हणून हा ऊहापोह.

कलिल रूपात धातुरूप चांदीचे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यात तरंगत असतात. आयनिक रूपात चांदी विद्युत्भारित होऊन विरघळलेली असते. पहिल्यात सोडलेल्या प्रकाशझोताचा मार्ग दिसतो, दुसऱ्यात नाही. ‘कलिल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांत मात्र बहुतांश चांदी आयनिकच आढळते. जंतुघ्न कार्य मुख्यत्वे आयनांचे. परंतु जठरातील क्लोराइडशी संयोग होताच त्यांचे अविद्राव्य सिल्व्हर क्लोराइड बनते. परीक्षानळीतील गुण उदरात उतरत नाही, तो यामुळे. कण अधिक टिकतात हे गुण म्हणून सांगितले जाते. आम्हांस तीच चिंतेची बाब वाटते.

कारण दोहोंतील चांदी त्वचेत साचून ती निळसर-करडी पडू शकते (आर्जिरिया). सेवन थांबवूनही हा वर्ण सहसा जात नाही. थायरॉक्सिन व टेट्रासायक्लिन यांचे शोषणही चांदीमुळे घटू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये कलिल चांदी व चांदीचे क्षार असलेली, चिठ्ठीविना मिळणारी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानण्यास नकार दिला. दग्धव्रणावरील सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाची गोष्ट वेगळी. तो बाह्योपचार आहे.

रजतभस्म शोधन-मारणाने सिद्ध होते (तेही तपासलेलेच घ्यावे). त्याचे नाव या पाण्यास लावू नये. पोटात घेण्यासाठी दोहोंपैकी एकही बाटली देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रुग्ण आधीच ती घेत असल्यास हिरड्यांचा व नखांच्या मुळांचा वर्ण अवश्य पाहावा.