दहा रुपयांचे ताट

ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने सोमवार ते बुधवार उपाहारगृहातील निम्मे बिल, माणशी १० पौंडांपर्यंत, स्वतः सोसले. व्यवसाय सावरण्यासाठी ते योग्यही असेल; पण लाभ उरलेले निम्मे बिल भरू शकणाऱ्यालाच. आपली शिवभोजन थाळी त्याच वर्षी २६ जानेवारीस आली. पोळ्या, भाजी, वरण, भात. ग्राहकाचे १० रुपये, शासनाचे शहरात ४०, ग्रामीण भागात २५. पवनी-मोहाडीहून कचेरीच्या कामासाठी भंडाऱ्यास आलेल्या मजुराला हे ताट परवडते. मात्र बँकेत आयुष्य गेल्याने माझी नजर केंद्रचालकाच्या खात्याकडे जाते. ग्राहकाचे दहा रुपये रोख येतात, अनुदान मागाहून. ते लांबले, की उधारीच्या तांदूळ-डाळीचे व्याज त्याच्याच माथी. अनुदान दरमहा वेळेवर जमा होणार असेल, तर माझा या योजनेस निःसंकोच पाठिंबा आहे.